लॉकअपमधला माणूस आणि खुर्चीतला साहेब

हिंदी-मराठी पडद्यावरच्या पोलीस नायकांची आडनावे एकदा कागदावर लिहून काढा. 'जंजीर' (१९७३) मधला विजय खन्ना. 'अर्धसत्य' (१९८३) मधला अनंत वेलणकर. 'शूल' (१९९९) मधला समर प्रताप सिंग. 'अब तक छप्पन' (२००४) मधला साधू आगाशे. 'सिंघम' (२०११) मधला बाजीराव सिंघम. लाच खाऊनही प्रेक्षकांचा लाडका झालेला 'दबंग' (२०१०) मधला चुलबुल पांडे. आता शेजारी दुसरी यादी करा. अशाच चित्रपटांत लॉकअपमध्ये मार खाणारे, पट्ट्याखाली ओरडणारे, खोट्या चकमकीत पडणारे लोक कोण होते? त्यांची आडनावे आठवतात का? बहुतेकांना लेखकाने आडनावच दिलेले नसते. 'ए भुरट्या' एवढेच त्यांचे नाव.

या दोन याद्यांमधले अंतर म्हणजेच आपल्या पोलिसी चित्रपटाचा इतिहास. पोलिसांतील भ्रष्टाचारावर आपल्याकडे शेकडो चित्रपट निघाले. त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: साहेबाचा आत्मा वाचेल का? लॉकअपमधल्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न फार थोड्या चित्रपटांनी विचारला. तो प्रश्न विचारायचा असेल तर लॉकअपमधला माणूस कथेच्या मध्यभागी बसवावा लागतो आणि खुर्चीत कोण बसले आहे, कोणत्या जातीचे बसले आहे, हेही उघडपणे सांगावे लागते. आपला सिनेमा नेमका तिथेच अडखळतो.

काही जण म्हणतील, 'सिनेमात कसली आली जात? कलाकार हा कलाकार असतो.' हा युक्तिवाद आपण नोकऱ्यांबाबत ऐकला, विद्यापीठांबाबत ऐकला, न्यायपालिकेबाबत आजही ऐकतो. त्याचे उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीत आहे. तिथे जाण्याआधी थोडे मागे जाऊ.

१९२८ सालची एक विसरलेली मागणी

प्रतिनिधित्वाचा सिद्धांत बाबासाहेबांनी १९१९ सालीच साउथबरो समितीपुढे मांडला होता. अस्पृश्यांचे हित अस्पृश्यच मांडू शकतात, दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, हा त्या मांडणीचा गाभा. पुढे २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले गेले, त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबर पोलिसांबद्दल दोन मागण्या होत्या. पहिली, सैन्य, नौदल आणि पोलीस या खात्यांत अस्पृश्यांना जातीची आडकाठी न लावता भरती करा. दुसरी मागणी आपल्या चळवळीतही फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक जिल्ह्यासाठी अस्पृश्यांमधूनच एक विशेष पोलीस निरीक्षक नेमा, आणि हा अस्पृश्यांचा हक्क म्हणून मान्य करा.

या मागणीत किती अनुभव साठलेला आहे ते पाहा. महार वतनदार पिढ्यानपिढ्या गावाची वेस राखत होता. चोराचा माग काढणे, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, निरोप पोचवणे, बेवारस प्रेत उचलणे ही सारी पोलिसी कामे त्याच्याच माथी होती. म्हणजे गावाचे रक्षण करायला महार चालत होता, पण खाकी गणवेश अंगावर घालायला मात्र तो अपात्र! कष्ट त्याचे, अधिकार दुसऱ्याचे. बाबासाहेबांनी हा व्यवहार उलटा करायला सांगितला. त्यांनी शिपायाच्या दोन-चार जागा मागून समाधान मानले नाही. तक्रार लिहून घेण्याचा, तपास करण्याचा, आरोपी ठरवण्याचा अधिकार ज्या खुर्चीत असतो, ती खुर्ची मागितली.

त्याच सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिम जमाती या दोघांच्या स्थितीची पाहणी करून त्या समितीने १९३० साली अहवाल दिला. म्हणजे आपला आणि आदिवासी बांधवांचा प्रश्न एका टेबलावर ठेवण्याची सुरुवात तेव्हाच झाली होती.

जिल्ह्याला एक आपला निरीक्षक. ही मागणी डोक्यात ठेवा आणि आता १९७२ सालच्या चंद्रपूर जिल्ह्यात या.

देसाईगंज पोलीस ठाणे, २६ मार्च १९७२

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. वैनगंगेच्या काठचे देसाईगंज, ज्याला आपण सगळे वडसा म्हणतो, ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या रात्री एक आदिवासी मुलगी नातेवाइकांसह देसाईगंज ठाण्यात आणली गेली. अनाथ, मोलमजुरी करणारी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिच्याविरुद्ध कसलाही गुन्हा नव्हता. तिच्या भावाने ती पळवली गेल्याची तक्रार दिली म्हणून जबाब घ्यायला बोलावले होते. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर पाठवले, तिला थांबवून घेतले. ठाण्याचे दिवे बंद झाले, दार लागले. बाहेर माणसे जमली, संतापली. ती बाहेर आली तेव्हा तिने सांगितले की शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने तिचा विनयभंग केला.

पुढचा इतिहास कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'मथुरा प्रकरण' या नावाने पाठ असतो. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असा तर्क दिला गेला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयाला कळले होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात दोघांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही; प्रतिकार नाही, म्हणजे जबरदस्ती नाही!

सोळा सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या उभ्या राहिल्या. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि त्या ८ मार्चला देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. पीडितेचे नाव छापायला बंदी आली.

आज या देशातील कोणतीही स्त्री पोलीस ठाण्याच्या आत जो काही कायद्याचा आधार घेऊन उभी राहू शकते, त्यात वडशाच्या त्या आदिवासी मुलीचा वाटा आहे. पण तिला स्वतःला काय मिळाले? एक प्रकरण-क्रमांक. आणि एक प्रश्न मला नेहमी पडतो. त्या रात्री देसाईगंज ठाण्यात १९२८ सालच्या मागणीतला तो निरीक्षक असता तर? ती जी भाषा बोलते, ज्या वस्तीतून येते, तिथला एखादा अधिकारी खुर्चीत असता, तर 'मुलीला रात्री ठाण्यात थांबवा' हे वाक्य इतक्या सहज उच्चारले गेले असते का?

रागाचे पडद्यावर काय झाले?

देश पेटला असताना सिनेमा गप्प बसणार नव्हता. १९८० साली दोन चित्रपट आले.

पहिला बी. आर. चोप्रांचा 'इन्साफ का तराजू'. बलात्कारावरचा, कोर्टावरचा, न्यायव्यवस्थेवर बोट ठेवणारा चित्रपट म्हणून तो गाजला. पण त्यातली पीडिता कोण? सौंदर्यस्पर्धा जिंकलेली शहरी मॉडेल. गुन्हेगार कोण? श्रीमंत उद्योगपती. ज्या घटनेने देशाचे डोळे उघडले तिच्यात आदिवासी मजूर मुलगी होती आणि खाकी वर्दी होती. पडद्यावर येईपर्यंत आदिवासी मुलगी गेली, वर्दीही गेली. राग आपला वापरला, कथा दुसऱ्याची सांगितली. सांस्कृतिक अपहरण याहून वेगळे काय असते?

दुसरा चित्रपट गोविंद निहलानींचा 'आक्रोश'. पटकथा विजय तेंडुलकरांची. याला मात्र दाद द्यावी लागेल. आदिवासी लहान्या भिकूवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. प्रत्यक्षात तिच्यावर अत्याचार करणारी टोळी गावातल्या बड्या लोकांची आहे, आणि ठेकेदार, राजकारणी, पोलीस अधिकारी यांची मैफल एकच आहे. भ्रष्टाचार म्हणजे एका हवालदाराची चिरीमिरी नसून सत्तेची अख्खी साखळी आहे, हे इतक्या स्वच्छपणे हिंदी पडद्यावर क्वचितच आले. चित्रपटाला १९८१ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला तो उगाच नाही.

पण 'आक्रोश' आज आपल्या नजरेने पुन्हा पाहा. लहान्या जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. बोलतो तो त्याचा तरुण वकील, भास्कर कुलकर्णी. धडपडतो तो, मार खातो तो, जागा होतो तोही तोच. आदिवासीचे मौन हे कुलकर्णींच्या जागृतीचे साधन होते. त्यातून लहान्याच्या भूमिकेत ओम पुरी, त्याच्या बायकोच्या भूमिकेत स्मिता पाटील. दोघेही थोर कलावंत, त्यांच्या अभिनयाबद्दल वाद नाही. पण मुख्य भूमिकेला आदिवासी चेहरा नको, संवादाला आदिवासी भाषा नको, मग उरले काय? लंगोटी आणि मौन. ज्या गोंड समाजातल्या बाबूराव शेडमाकेला इंग्रजांनी १८५८ साली चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिले, त्या समाजाकडे पाहायचे तर निदान एवढे आठवायला हवे होते की हा माणूस मुका कधीच नव्हता. त्याचे ऐकणारा कोणी ठाण्यात नव्हता, कोर्टात नव्हता आणि स्टुडिओतही नव्हता.

आणि मग १९८३. कोठडीतील बलात्काराचा कायदा बदलला त्याच वर्षी 'अर्धसत्य' आला. पुन्हा निहलानी, पुन्हा तेंडुलकर. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. भारतातल्या पोलिसी चित्रपटाचा मापदंड म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर प्रामाणिक आहे, पण त्याच्या डोक्यावर राजकारणी-गुंड रामा शेट्टीची सत्ता आहे. घुसमटलेला वेलणकर किरकोळ चोरीच्या एका संशयिताला लॉकअपमध्ये इतके मारतो की तो मरतो.

इथे थांबा. एक माणूस कोठडीत मेला आहे. चित्रपट आता कोणाच्या मागे जातो? वेलणकरच्या. त्याचे निलंबन टळेल का, तो शेट्टीपुढे झुकेल का, त्याचे पौरुष शाबूत राहील का? मेलेल्या माणसाच्या घरी कॅमेरा जात नाही. त्याची बायको, त्याची वस्ती, त्याची जात यांच्याशी आपली ओळख होत नाही. तो वेलणकरच्या शोकांतिकेतला एक प्रसंग म्हणून जगतो आणि मरतो. 'अर्धसत्य' मोठा चित्रपट आहे, पण त्याने दाखवलेले सत्यही अर्धेच आहे. लॉकअपच्या गजांच्या पलीकडचे अर्धे त्याने दाखवले नाही.

भ्रष्टाचार म्हणजे फक्त हप्ता?

माझा मुख्य मुद्दा हा आहे. पोलिसी चित्रपटांत भ्रष्टाचार म्हणजे पैसा. बिल्डर, मंत्री, दारूचा गुत्ता, पाकीट. नायकाने पाकीट फेकले की तो स्वच्छ झाला. 'सिंघम'पर्यंत येता येता तर हे इतके सोपे झाले की पाकीट न घेणारा अधिकारी कायदा पायाखाली घालून कोणालाही बडवू शकतो आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात.

देसाईगंजच्या ठाण्यात त्या रात्री पैशाची देवाणघेवाण झाली नव्हती. मग तो भ्रष्टाचार नव्हता का? आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचे अर्धे आयुष्य ठाण्याबाहेरच्या बाकावर जाते. अर्ज घेतला तर पोच मिळत नाही. पोच मिळाली तर गुन्हा नोंदत नाही. गुन्हा नोंदला तर अॅट्रॉसिटीचे कलम लागत नाही. कलम लागले तर उलटी तक्रार आधीच तयार असते. यात दर वेळी पाकीट लागतेच असे नाही. जात हेच पाकीट असते, ते आधीच पोचलेले असते.

ही माझी भावनिक व्याख्या नाही, कायद्याची आहे. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगितली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ती कर्तव्ये एकेक करून लिहिली: तोंडी तक्रार लिहून घेणे, ती फिर्यादीला वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, प्रत देणे, योग्य कलम लावणे. एखाद्या पटकथालेखकाने नुसते हे एक कलम वाचले तरी त्याला दहा चित्रपटांची कथानके मिळतील! पण तसे होत नाही, कारण पटकथा लिहिणाऱ्या बहुतेकांना ठाण्यात गुन्हा नोंदवून घेणे हा आयुष्यातला संघर्ष वाटतच नाही. त्यांच्यासाठी तो एक फोन असतो.

म्हणून प्रतिनिधित्वाचा प्रश्न 'पडद्यावर आमचे चेहरे किती' एवढाच नाही. भ्रष्टाचार कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, असा तो प्रश्न आहे.

नुसता चेहरा बदलून चालेल का?

आता उलट बाजूने. समजा, खुर्चीत आपला माणूस बसवला. प्रश्न सुटला का? 'आक्रोश'नेच याचे कडवट उत्तर दिले होते. त्यातले सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहेत. शिकून वर आले आहेत, बड्यांच्या मैफलीत बसतात आणि लहान्याविरुद्ध खटला चालवतात. त्यांना जातीवरून धमकीचे फोन येतात, अपमान होतो, तरी ते व्यवस्थेची भाषा सोडत नाहीत. या पात्राला 'विकला गेलेला' म्हणून झटकणे सोपे आहे. पण त्याच्या एकटेपणाकडे बघा. खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीला समाजाची मुळे मिळाली नाहीत.

प्रत्यक्षातले उदाहरण आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या. यंत्रणेत दलित अधिकारी असूनही तपासाचे काय झाले, हा अवघड प्रश्न आनंद तेलतुंबडे यांनी आपल्या पुस्तकात निर्भीडपणे मांडला. शेवटी न्यायालयांनी खुनाची शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले. जात जिथे सगळ्यांना दिसत होती, तिथे ती कागदावर उतरली नाही.

आणि गडचिरोली. १९९० साली इथे सी-६० हे विशेष पथक उभे राहिले. स्थानिक तरुण घेतले, कारण त्यांना जंगल माहीत होते, गोंडी-माडिया बोलता येत होते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के. पोलीस दलात स्थानिक आदिवासी तरुण आले ही गोष्ट लहान नाही. पगार आला, घरात शिक्षण आले. पण त्यांना घेतले कशासाठी? जंगलात पुढे चालण्यासाठी, गोळीसमोर उभे राहण्यासाठी. त्या बाजूलाही आदिवासी, या बाजूलाही आदिवासी. महार वेसकराला जसे धोक्याच्या जागी उभे केले होते, तोच जुना हिशेब नव्या गणवेशात दिसतो. सर्वांत पुढे बंदूक घेऊन उभे राहणे म्हणजे प्रतिनिधित्व नाही. बाबासाहेबांनी निरीक्षक मागितला होता, ढाल मागितली नव्हती.

तेव्हा 'आमचा माणूस' हवा, यात शंका नाही. पण अधिकारासह हवा, पुरेशा संख्येने हवा आणि समाजाला उत्तरदायी हवा. एकटा माणूस दुसाने होतो.

गेल्या बारा-पंधरा वर्षांतल्या खुणा

सगळे काळेकुट्ट आहे असे मी म्हणणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे आहे. गाण्याने सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा हास्यास्पद आरोप, आणि तो टिकवायला पोलिसांचा ठरलेला साक्षीदार. एक थप्पड न दाखवता पोलिसी भ्रष्टाचार दाखवता येतो, हे या चित्रपटाने शिकवले. कांबळेची भूमिका केली आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. चळवळीत आयुष्य घालवलेला कार्यकर्ता कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याला अभिनय करावाच लागला नाही, असे वाटत राहते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. पडद्यावर आपला माणूस म्हणजे काय, याचा तो धडा आहे.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मधली गाणी सगळ्यांना पाठ आहेत, पण ठाण्यातला प्रसंग आठवा. पळून गेलेल्या आर्ची-परशाला पकडून आणल्यावर परशा आणि मित्रांवर सामूहिक बलात्काराची खोटी तक्रार तयार केली जाते. वडशाच्या मुलीसारख्या बायांच्या दुःखातून कडक झालेला कायदा एका पाटलाच्या हातात खालच्या जातीच्या पोराविरुद्धचे हत्यार होतो! आणि ती तक्रार फाडू कोण शकते? पाटलाचीच मुलगी. परशा फाडू शकला असता का? ठाण्यातली सत्ता कशी चालते, हे एवढ्याशा प्रसंगात पुरते उघड होते.

'न्यूटन' (२०१७) आपल्या शेजारच्या छत्तीसगडच्या जंगलातला. नायकाच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. नियमाला चिकटून राहणारा हा कारकून संविधानालाच चिकटलेला आहे, हे आपल्याला लगेच कळते. पण त्या चित्रपटात खरी शहाणी आहे ती माल्को, स्थानिक आदिवासी शिक्षिका. गावाला काय हवे, हे न्यूटनला तिच्याकडून समजते.

तमिळ 'जय भीम' (२०२१) चा पहिलाच प्रसंग अंगावर येतो. तुरुंगातून सुटलेल्यांना जात विचारली जाते आणि ठराविक जातींच्या माणसांना तिथल्या तिथे पुन्हा उचलले जाते, कारण ठाण्यांना जुने गुन्हे निकाली काढायचे आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली भोगणाऱ्या आपल्या पारधी बांधवांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तरीही तिथे तारणहार वकीलच मध्यभागी राहिला. 'आर्टिकल १५' (२०१९) मध्ये तर ब्राह्मण अधिकारी जातीचा शोध घेत हिंडतो, जणू आपण जन्मभर जे जगलो ते त्याला सापडावे म्हणूनच घडत होते. भीम संघर्ष सेनेचा निषाद मात्र मारला जातो.

या सगळ्यांत मला 'कटहल' (२०२३) वेगळा वाटतो. हलकाफुलका विनोदी चित्रपट. इन्स्पेक्टर महिमा बसोर दलित आहे. आमदाराच्या बंगल्यातले दोन फणस चोरीला गेले म्हणून अख्खे ठाणे कामाला लागते, पण माळ्याची बेपत्ता मुलगी शोधायला कोणाला वेळ नाही. महिमा काय करते? फणस त्या मुलीनेच चोरले असे जाहीर करते, म्हणजे फणसाच्या निमित्ताने तरी तिचा शोध सुरू होईल! १९२८ सालच्या मागणीतला जिल्ह्याचा निरीक्षक शेवटी पडद्यावर आला तो असा, बाईच्या रूपात. ती सिंघमसारखी गाड्या उडवत नाही. कोणाची तक्रार 'तक्रार' म्हणून मोजायची, हे ती बदलते. 'दहाड' (२०२३) या मालिकेतली अंजली भाटी घराण्याने लपवलेले मेघवाल आडनाव शेवटी परत घेते. तेही याच वाटेवरचे पाऊल. या दोन्ही कथा सांगणारे लोक आपल्यातले नाहीत, तरी खुर्चीत कोण बसते याने तपास कसा बदलतो हे त्यांनी ओळखले.

आणि म्हणूनच 'संतोष'चे काय झाले ते लक्षात ठेवा. संध्या सुरी यांचा हा चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला. नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर शिपाई झालेली बाई, दलित मुलीचा बलात्कार आणि खून, कोठडीत छळला जाणारा मुस्लिम तरुण. २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाने त्याचे भारतातले प्रदर्शन अडवले. हवेत गाड्या उडवणारा, आरोपीला भररस्त्यात बडवणारा पोलीस चालतो. जात, धर्म आणि कोठडी एका चौकटीत आली की मात्र कात्री निघते. पोलिसांची बदनामी नेमकी कशाने होते, हे आता तुम्हीच ठरवा.

वडशाचा रंगमंच

मग आपण काय करायचे? मुंबईच्या निर्मात्यांना निवेदने द्यायची? द्या, पण त्यावर थांबू नका.

ज्या देसाईगंजच्या ठाण्याने देशाचा कायदा बदलायला लावला, तेच वडसा झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर नाटक मंडळ्यांची बुकिंग तिथेच होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्र रात्र नाटके चालतात आणि हजारो माणसे तिकीट काढून बसतात. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या दाराशी स्वतःचा प्रेक्षक, स्वतःची बोली, स्वतःचे नट असलेली एवढी मोठी व्यवस्था असताना आपण आपली गोष्ट सांगायला अंधेरीच्या दारात का उभे राहायचे?

ठाण्यात पोच मिळण्यापासून कलम लागण्यापर्यंतचा प्रवास हे नाटक आहे. गोंडीत सांगितलेला जबाब मराठीत उतरताना काय गळते, हे नाटक आहे. माझ्या बौद्ध भावाबहिणींनो, एक गोष्ट मात्र पाळू. आदिवासींची गोष्ट आपण त्यांच्या वतीने लिहायची नाही. लहान्याचा वकील कुलकर्णीच्या जागी कांबळे झाला आणि लहान्या मुकाच राहिला, तर १९१९ चा सिद्धांत आपणच मोडला. गोंड, माडिया तरुण-तरुणी लिहितील, आपण सोबत उभे राहू, पैसे जमवू, तिकिटे खपवू, आणि पोलीस भरतीच्या मैदानापासून राज्यसेवेच्या परीक्षेपर्यंत दोघांची मुले एकत्र तयारीला बसवू. खुर्ची आणि लेखणी या दोन्ही लढाया एकच आहेत.

बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला आले आणि इथल्या लाखो हातांना त्यांनी धम्म दिला. त्यांच्या शिकवणीत स्वतःचा दीप स्वतः होण्याला मोठे स्थान आहे. पुढच्या वेळी एखादा पोलिसी चित्रपट बघून शिट्टी वाजवावीशी वाटली, तर आधी तीन गोष्टी तपासा. लॉकअपमधल्या माणसाला नाव आहे का? तक्रार लिहून घेणाऱ्याची जात लपवली आहे का? आणि ही गोष्ट कोणाच्या लेखणीतून आली? तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर शिट्टी राहू द्या आणि वही उघडा.

जय भीम! जय सेवा!